'दोन मिनिटं थांब' : चिमुरड्यांना जेवणाआधी हातात काही द्यावं का?

मंदआच: आमच्या घरात दोन खादाड. एक मी, कांदा मंद आचेवर चाळीस मिनिटं परतणारी. दुसरी माझी लेक, वय सव्वादोन, धीर चाळीस सेकंदांचा. काल कांद्याला जेमतेम रंग चढायला लागला होता, तेवढ्यात बाईसाहेबांनी माझ्या पायाला मिठी मारून 'आत्ता! आत्ता!'चा घोष सुरू केला. नवरा म्हणतो, दे काहीतरी हातात आणि सुटका करून घे. मला हे पटत नाही. सारखं चरत राहिलं की जेवताना ताटाकडे ढुंकून बघत नाही. कडकडून भूक लागल्याशिवाय चव काय कळणार? आणि थांबायला कधीतरी शिकायला हवंच ना? तो मार्शमॅलोचा, म्हणजे मऊ गोड खाऊचा, प्रयोग आठवा. एक आत्ता खा, नाहीतर थांब आणि दोन घे. थांबलेली मुलं पुढे अभ्यासातही सरस निघाली म्हणे. बोला!

चमचाफेक: साफ असहमत. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे ते प्रयोग १९७० च्या आसपासचे, आणि त्यातली मुलं बालवाडीतली, साडेतीनच्या पुढची. सव्वादोनचं पिल्लू त्यात नव्हतंच. २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर पुन्हा पडताळणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध अगदीच फिका पडला. भुकेल्या पोराला द्या खायला. चवीचे धडे मागाहून.

जुनीखोड: घ्या! मग दिवसभर पोराच्या मागे वाटी घेऊन फिरा. अगं मंदआच, तुझं बरोबर आहे. माझ्या तिघांना मी दोन खाण्यांमध्ये पाण्याशिवाय काही दिलं नाही. रडले, पण ताटात पडेल ते खाल्लं. शास्त्रच हवं असेल तर एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी वाटणी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. 'कधी' आपल्याकडे आहे.

चमचाफेक: 'कधी' आपल्याकडे आहे ना, मग कांदा तासभर आधी चढवा! भूक लेकीची आणि वेळ कांद्याची, हा कुठला न्याय?

मंदआच: तासभर आधी ती झोपलेली असते. तेव्हा मी गरम चहा पिते. त्यावर चर्चा होणार नाही.

शेंडेफळ: द्यायचंच असेल तर काय देताय ते बघा. कच्च्या गाजराचा तुकडा, अख्खं द्राक्ष, दाणे हे या वयात घशात अडकू शकतं. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करा, गाजर मऊ उकडा, आणि पोर एका जागी बसलेलं असू दे. पायात घुटमळत खाणं नको. गरम कढईपाशी तर नकोच.

घड्याळजी: मला वाटतं भांडण खाऊचं नाहीच. २०१३ चा एक अभ्यास आहे. आधी मुलांना चांगले खडू आणून देतो म्हणून सांगितलं. काहींना दिले, काहींना 'सॉरी, नाहीत' म्हणून हात हलवत परत. मग तोच मार्शमॅलो समोर ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३. मुलं थोडी मोठी होती, हे मान्य. पण थांबणं हा नुसता स्वभाव नसतो, समोरच्याची पतही असते. मंदआच, खरं सांगा, तुमची 'दोन मिनिटं' किती मिनिटांची असतात?

मंदआच: ...पंधरा. कधी वीस.

जुनीखोड: आमच्या वेळी घड्याळ कोण बघायचं! थांब म्हणजे थांब.

घड्याळजी: म्हणूनच रडले असतील हो तिघं.

मंदआच: आजचा वृत्तांत. 'दोन मिनिटं' म्हणायचं नाही असं ठरवलं. 'कांदा तपकिरी झाला की जेवायचं' असं सांगून तिला ओट्यापासून लांब, तिच्या उंच खुर्चीत बसवलं आणि दर थोड्या वेळानं चमच्यात एक पाकळी निववून दाखवली. पांढरा. पिवळा. मग तिनं 'बदामी' शब्द चुकीचा पण जोरात म्हटला. रडली नाही! पण प्रत्येक रंग चाखायलाच हवा होता तिला. पाचवी पाकळी मागून खाल्ली, आणि जेवायला बसल्यावर ताट सरकवून 'झालं' म्हणाली. चमचाफेक, हे तुमच्या खात्यात.

चमचाफेक: माझ्या कशाला? पाच पाकळ्या तुम्ही भरवल्यात. उरलेल्या कांद्याचं काय केलंत ते सांगा आधी.

मंदआच: उभ्यानंच संपवला. कढईतूनच.