मे महिन्यात भाची येतेय: पापलेट-सुरमई सोडून काय मागवू, आणि सोबत प्यायला काय?

पार्लेकरीण:
माझी भाची नागपूरहून मेच्या मध्यावर येतेय. मासे आवडीने खाते, पण तिकडे रोहू-कटल्यापलीकडे फारसं मिळत नाही. फोनवर आधीच बजावलंय, "मावशी, पापलेट आणि सुरमई सोडून काहीही चालेल." सावजी रश्शावर वाढलेली मुलगी, तेव्हा तिखटाची काळजी नाही. आमच्या घरात मासे खाणारी मी एकटीच. हॉटेलात गेले की बांगड्यापुढे जायचा धीर होत नाही. तिला काय मागवू? आणि या उकाड्यात सोबत काय पाजू? बाटलीतलं नको, ताजं हवं.

माहीमकर:
ताई, वेळ अगदी बरोबर साधलीत. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मग बर्फातल्या मालावर भागवावं लागतं. म्हणून मेमध्येच काय ते खाऊन घ्या.

दादर-माहीमकडच्या कुठल्याही चांगल्या मालवणी खानावळीत तिसऱ्यांपासून, म्हणजे छोट्या शिंपल्यांपासून, सुरुवात करा. एकशिपी मागवा, म्हणजे रिकामी शिंपली काढून टाकलेली असते आणि मांसाची तेवढी ताटात येते. सुक्यातलं ओलं खोबरं त्या शिंपलीच्या खोलगट भागात अडकतं, ते मांसासकट दातांनी ओढून खायचं. काटा-चमचा मागू देऊ नका तिला! एकशिपी नसून अख्ख्या आल्या, तर घट्ट मिटलेलीच राहिलेली शिंपली बाजूला ठेवायची.

मग मोरी. हा लहान शार्क, त्यामुळे ऐकूनच माणसं दचकतात. पण नदीतल्या माशांचे बारीक काटे काढत बसायची सवय असलेल्या माणसाला मोरी म्हणजे सुख आहे: मधे कूर्चेचा कणा, बाकी सगळा गर. फक्त ताजी हवी. शिळ्या मोरीला अमोनियासारखा उग्र दर्प येतो, तो कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. वेटरला सरळ विचारा, "आजची आहे का?" तो घुटमळला तर दुसरं काहीतरी घ्या. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, मेनूकार्डावर बहुधा नसते, तीही तोंडीच विचारायची.

प्यायला सोलकढीच. आधी पेल्याकडे नीट बघा. आगळ, म्हणजे कोकमाचा अर्क, आणि नारळाच्या ताज्या दुधाची कढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट असते, आणि जरा वेळ ठेवली की वरचं दाट, खालचं पातळ वेगळं होऊ लागतं. भडक गुलाबी आणि शेवटपर्यंत एकजीव दिसली तर मला शंका येते. लसूण-मिरचीचा ठसका घशात जाणवला पाहिजे. आणि ती भातावर ओतून संपवू नका, मधेमधे घोट घेत राहा. तिखट तिसऱ्यांनंतरचा पहिला घोट तिला आयुष्यभर आठवेल, हे मी मनापासून सांगतो.

फोर्टातली:
एक दुपार बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात न्या. १९२३ पासूनची इराणी जागा आहे. बेरी पुलावावर इराणी झरिश्क घालतात, लालसर आंबट दाणे. गोड-आंबट-तुपकट अशी चव नागपुरात कुठे चाखली असेल? दुपारीच जा, रात्रीच्या जेवणाचं ते ठिकाण नाही. तिथे रास्पबेरी सोडा बाटलीतलाच येतो, पण तेवढी सूट द्या. परतताना क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा. १९०५ सालचं दुकान! तळाचा सब्जा आधी ढवळून वर आणायचा.

भायखळेवाला:
सकाळी लवकर उठणार असाल तर नीरा. ताडाचा किंवा शिंदीचा रस रात्रभर मडक्यात साठतो आणि ऊन चढलं की आंबायला लागतो, मग ती ताडी. म्हणून सकाळीच आणि थंडगार प्यायची. ताडगोळेही याच दिवसांत मिळतात. साल पातळ, आत पाणी खुळखुळणारे कोवळे निवडून घ्या. उसाचा रस प्यायलात तर आलं-लिंबू घालून, बर्फाशिवाय. रस स्वच्छ असला तरी बर्फ कुठल्या पाण्याचा, ते आपल्याला कळत नाही.

पार्लेकरीण:
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी तिसऱ्या आणि मोरी, मंगळवारी पुलाव असं ठरवलं. घरी पन्हं करून ठेवतेच आहे. माहीमकर, मोरीचं सुकं मागवू की रस्सा?

माहीमकर:
सुकं, भाकरीबरोबर. रश्शाचं तिला नागपुरात काही कमी नाही. आणि दुपारी एकच्या आत पोचा, मोरी लवकर संपते.