रीस्टार्ट आणि रिलोड, दोन्ही ‘पुन्हा सुरू’?

कानामात्रा: वेब सर्व्हरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. रीस्टार्टला ‘पुन्हा सुरू करा’ लिहिलं आणि चार ओळींखाली रिलोडलाही तेच लिहून बसले. तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. रिलोडला शब्द सुचवा.

पूर्णविराम: पुनर्भारण. संपला प्रश्न.

जुनी वही: पुनर्भरण विहिरीचं होतं, आणि मंत्राने भारायचं काम मांत्रिकाचं. सर्व्हरला अंगारा लावायचाय का? मुळात रिलोडमध्ये काही भरतच नाहीत. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर घ्या. मुख्य प्रोसेस कॉन्फिग, म्हणजे सर्व्हरने कसं चालायचं ते लिहिलेली फाइल, नव्याने वाचते. चूक सापडली तर जुन्यावरच चालू राहते. सगळं ठीक असेल तर नवे वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस, उभे राहतात आणि जुने हातातलं काम उरकून जातात. रीस्टार्टमध्ये आधी सगळं बंद, चालू जोडण्या तुटतात, आणि कॉन्फिगमध्ये एक अर्धविराम जरी द्यायचा राहिला तरी सर्व्हर परत उठत नाही. म्हणून ‘फेरवाचन’.

रात्रपाळी: फेरवाचन कोणी म्हणत नाही हो. ‘रिलोड मार’ म्हणतात. मला एकदा फोनवर ‘पुन्हा सुरू कर’ सांगितलं, मी रीस्टार्ट मारला. तो अर्धविराम राहिलेलाच होता. पुढचा पाऊण तास विचारू नका.

पूर्णविराम: ‘मार’ ही हिंदीची लागण. मराठीत रिलोड करतात.

जुनी वही: हाक, उडी, शिट्टी, गप्पा हे सगळं कधीपासून करायला लागलो? वर लाल रेघसुद्धा ‘मारली’ आहे, तिथे तुम्ही गप्प! गंमत म्हणजे युनिक्समध्ये रिलोडसाठी ‘किल’ याच आज्ञेने सिगहप हा संकेत पाठवता येतो. नाव किल, काम हाक मारण्याचं. हप म्हणजे हँगअप, टर्मिनलची लाइन तुटल्याची खूण. मागे चालणाऱ्या प्रोसेसला, म्हणजे डेमनला, टर्मिनलच नसतं, म्हणून ती रिकामी खूण कॉन्फिग वाचायला लावण्यासाठी रूढ झाली.

पूर्णविराम: हाक तोंडाने मारतात. तिच्या माळेत रिलोड ओवू नका.

रात्रपाळी: मग उडी कशाने मारतात?

कानामात्रा: अहो, माझा शब्द! सध्या ‘फेरवाचन’ टाकलंय. पण पुढच्याच पानावर डेमन-रिलोड आलंय, आणि त्यात सर्व्हरचं कॉन्फिग वाचलंच जात नाही. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी आपल्या युनिट फायली, म्हणजे कोणती सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फायली, वाचतो. तिथे काय लिहू?

पूर्णविराम: आधी ‘डेमन’चं ठरवा. ‘भूत’ मी चालू देणार नाही.