नसांचं दुखणं घरी कसं निभावता? अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. लातूरची, वय 63. दोन वर्षांखाली डाव्या बरगडीवर नागीण उठली. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून घरच्यांनी गेरू लावायला घेतला, त्यात चार दिवस गेले. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत, हे कळलं पाचव्या दिवशी. लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू म्हणे मणक्याजवळच्या नसांत दबा धरून बसलेला असतो. फोड महिन्यात वाळले, आग अजून आहे.

माझं असं आहे की बरगडी तळहातानं दाबली तर सोसतं, पण पदर नुसता घासला की जीव जातो. कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. शेवटी जुन्या धोतराचा पट्टा फाडला आणि उघड्या अंगावर घट्ट गुंडाळला, वरून ब्लाउज. पट्टा जागचा हलत नाही, म्हणून घासत नाही. मे महिन्यात पारा 42 वर असताना तो सोसणं म्हणजे शिक्षाच. त्यात कूलरचा झोत अंगावर आला की सुया टोचल्यागत होतं, म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडं. नातू आता मिठी मारायच्या आधी विचारतो, "आजी, कोणती बाजू?"

परभणी : माझी शुगर 15 वर्षांची. रात्री पायाला चादर लागली तरी आग होते. पायथ्याला प्लास्टिकचा स्टूल आडवा टाकतो, त्यावरून चादर, तंबूसारखी. एक चूक सांगतो. शेक घ्यायला बादलीत पाय घातले, तळव्याला पाणी कोमट लागलं. सकाळी ह्ये मोठाले फोड! आता आधी बायको कोपर बुडवून बघते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असंल तर बी-12 व्हिटॅमिन पण तपासून घ्या, माझं कमी निघालं.

बीड : मला अमिट्रिप्टिलिन दिलेली. मेडिकलवाला म्हणला, ही तर डिप्रेशनची गोळी. मी वेडी आहे का, म्हणून फेकून दिली. पुढं डॉक्टरांनी समजावलं की कमी डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यालाही देतात. नसांच्याच दुखण्याच्या प्रीगॅबालिन गोळीनं सुरुवातीला गरगरायचं, पण ती मनानं एकदम बंद करू नका.

नांदेड : आईच्या गालात वीज चमकायची, दात घासताना, वाऱ्यानंसुद्धा. दोन दाढा काढल्या, फरक शून्य. दुखणं चेहऱ्याच्या नसेचं होतं. कार्बामाझेपिननं उतार पडला. दाढा गेल्या त्या गेल्याच.

भोकरदन : मिरचीच्या अर्काचं मलम लावलं अन् त्याच हातानं डोळा चोळला. मिरचीच्या गावचा असून!

धाराशिव : ताई, मोटारसायकलवर मागं बसल्यावर पट्टा सरकत नाही का?

लातूर : सरकायचा. सेफ्टी पिन लावून बघितली, तीच टोचायली. आता उजव्या बाजूला नाडी शिवून घेतलीय, गाठ तिकडं येते.