एमजी टीडी: इंजिनाचे बोल्ट नेमके कोणत्या आट्यांचे?

वॉरिककर: नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये १९५१ ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करतोय. आधीच्या मालकाने सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात टाकून दिलेत. चासीचे म्हणजे सांगाड्याचे बोल्ट बीएसएफ (जुने ब्रिटिश बारीक आटे), हे कळलं. पण इंजिनाच्या भोकात ५/१६ इंची बीएसएफ अडकतो आणि ५/१६ यूएनएफ (युनिफाइड मापाचे बारीक आटे) दोन-तीन फेरे सहज जातो. मग यूएनएफचाच संच मागवू का?

फिटरकाका: मागवू नका, आणि तो बोल्ट आणखी एक फेराही पुढे नेऊ नका! टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मेट्रिक आट्यांचं आहे. मॉरिस या मोटार कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती. आटे तसेच राहिले, फक्त डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची ठेवली, म्हणजे इंग्लिश मेकॅनिकला आपलेच पान्हे चालावेत.

तुमचं ते भोक बहुधा ८ मिमी, १ मिमी पिचचं (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). ५/१६ यूएनएफचा व्यास ७.९४ मिमी आणि पिच १.०६ मिमी, म्हणून तो सुरुवातीला फसवतो. दहा आट्यांत अर्ध्या मिमीहून जास्त फरक पडतो, मग जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात.

वॉरिककर: बापरे, वेळेवर सांगितलंत काका. पण मग १३ चा पान्हा का बसत नाही?

फिटरकाका: कारण डोकं १/४ व्हिटवर्थचं, म्हणजे ०.५२५ इंच, १३.३ मिमी. तेरा बसत नाही आणि चौदा घसरून कोपरे खातो. व्हिटवर्थ पान्ह्यांचा संच घ्याच. त्यावरचा आकडा व्हिटवर्थ बोल्टच्या व्यासाचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, आणि बीएसएफचं डोकं एक माप लहान असतं. त्यामुळे ५/१६ बीएसएफलाही १/४ व्हिटवर्थचाच पान्हा लागतो.

जुनी_गाडी: डबा निवडायला व्यास मोजणारा व्हर्नियर आणि पिच तपासणारं दातेरी पात्यांचं पिच गेज दोन्ही हवेत, नुसत्या व्यासावर जाऊ नका. १/४ इंचात बीएसएफला इंचात २६ आटे, यूएनएफला २८. डोळ्यांना सारखेच दिसतात. गेज आट्यांत बसवून उजेडासमोर धरा, फट दिसली की तो नाही. लुकासच्या दिव्यांतले, वायरिंगचे बारीक स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा, ते बीए (ब्रिटिश असोसिएशन) या बारीक स्क्रूंच्या मापाचे असतात. डोक्यावर गोल खळगा किंवा बाजूला तीन जुळलेली वर्तुळं असतील तर बोल्ट युनिफाइड मापाचा, म्हणजे यूएनएफच्या कुळातला.

वॉरिककर: दुकानात एम८ मिळतात, ते?

फिटरकाका: साध्या एम८ चं पिच १.२५, ते चालणार नाहीत. १ मिमी पिचचे, व्हिटवर्थ डोक्याचे बोल्ट एमजीच्या टी-मालिकेचे (टीडी त्यातलीच) सुटे भाग विकणाऱ्यांकडे मागा. कनेक्टिंग रॉडसाठी तर त्या इंजिनासाठीच बनवलेले बोल्ट घ्या, डब्यातले अजिबात नकोत. आणि भोकं साफ करताना कापणारा टॅप वापरू नका, ८ बाय १ चा आटे साफ करणारा चेझर तेल लावून हाताने फिरवा. कुठे आटे गेलेच असतील तर त्याच मापाचा इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायचे नवे धातूचे आटे, बसतो.