मुंबईतल्या लॉजचा डॉक्टर: जेम्स बर्न्स

प्रेषक: एक नवा सभासद

नमस्कार मंडळी,

रविवारच्या वाचनकट्ट्यावर फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या बंधुसंघटनेचा आणि तिच्या लॉजचा, म्हणजे स्थानिक शाखेचा, विषय निघाला आणि हॉल रिकामा करायची वेळ झाल्यामुळे अर्धवट राहिला. मुंबईत हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला लॉजचं दार एका डॉक्टरने उघडून दिलं, असं ग्रंथालय समितीतले काका म्हणाले होते. तो डॉक्टर कोण, आणि त्याने नेमकं केलं काय? काका, इथेच सविस्तर लिहा ना, म्हणजे जे आले नव्हते त्यांनाही वाचता येईल.

--

प्रेषक: ग्रंथालय समिती

नमस्कार,

जेम्स बर्न्स. जन्म १८०१, स्कॉटलंडमधल्या मॉन्ट्रोज गावचा. कवी रॉबर्ट बर्न्स याच्याच घराण्यातला. १७९६ साली मरणाच्या दारात असताना कवीने ज्या चुलतभावाला पत्र लिहून दहा पौंड मागितले, तो चुलतभाऊ या डॉक्टरचा आजोबा. कवी स्वतःही मेसन होता.

एडिंबरा आणि लंडनला शिकून जेम्स १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. धाकटा भाऊ अलेक्झांडर बरोबर होता. जेम्सला भुजच्या रेसिडेन्सीत सर्जनची जागा मिळाली. तिथे असताना, १८२७ मध्ये, सिंधच्या अमिरांनी त्याला उपचारासाठी सिंधमधल्याच हैदराबादला बोलावलं. गोऱ्या माणसाला आपल्या मुलखात सहसा पाऊल ठेवू न देणारे हे अमीर. पण वैद्य म्हणून तो गेला, राहिला आणि परतल्यावर त्या दरबाराचा वृत्तांतही लिहिला.

१८३४ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे तो रजेवर मायदेशी गेला. तिथे रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा फेलो झाला, आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या मेसनांच्या वरिष्ठ संस्थेने, त्याला पश्चिम हिंदुस्थानचा प्रॉव्हिन्शियल ग्रँड मास्टर, म्हणजे प्रांतप्रमुख, नेमलं. १८३७ मध्ये तो मुंबईला परतला तो दोन अधिकार घेऊन. एकीकडे वैद्यकीय खात्यात चढत चढत तो फिजिशियन जनरल या वरच्या पदावर पोचला. दुसरीकडे लॉजच्या कामात इतका रमला, की इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचे मुंबईतले मेसनही एकामागून एक स्कॉटिश लॉजांकडे वळले. १८४६ मध्ये साऱ्या हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचं प्रमुखपद त्याच्याकडे आलं.

आता मुख्य गोष्ट. माणकजी कर्सेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे त्यांनी अलेक्झांड्रा शाळा काढली, तेच हे. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईत नकार मिळाला. विलायतेला गेले, तिथेही जमलं नाही. शेवटी पॅरिसच्या लॉजमध्ये त्यांची दीक्षा झाली. म्हणजे माणूस रीतसर मेसन होऊन घरी आला, पण त्याच्या गावात त्याला स्वतःचं म्हणावं असं लॉज नव्हतं! बर्न्सने डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज सुरू केलं, ते मुळात हिंदी लोकांना घेण्यासाठीच. पारशी आले, मुसलमान आले.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, २ नोव्हेंबर १८४१ ला, काबूलमध्ये जमावाने अलेक्झांडरला त्याच्या राहत्या घरी ठार मारलं. सर्वांत धाकटा भाऊ चार्ल्स तिथेच होता, तोही मारला गेला. दोन सख्खे भाऊ एका दिवसात गेले. त्यानंतर हा माणूस मुंबईत मुसलमानांना ‘बंधू’ म्हणून लॉजमध्ये बसवतो. मला त्याचा मोठेपणा इथे दिसतो.

--

प्रेषक: डॉक्टरताई

काका, छान लिहिलंत. काबूलचं मला ठाऊक नव्हतं. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. हिंदी लोकांसाठी निराळं लॉज काढलं, म्हणजे पंगतीतून उठवून ओसरीवर पान मांडल्यासारखंच झालं की. एवढा मोठा अधिकारी होता, तर असलेल्याच लॉजमध्ये माणकजींना घ्या, असा हुकूम का नाही सोडला? आणि यात हिंदू कुठे आहेत?

--

प्रेषक: ग्रंथालय समिती

ताई, भेद होता, हे कबूल. पण हुकमाचं उत्तर लॉजच्या कारभारात आहे.

लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर सभासद गुप्त मतदान करतात. पेटी फिरते, पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळ्या पडल्या की अर्ज फेटाळला. कोणी कोणती गोटी टाकली हे विचारायची सोय नाही, आणि ग्रँड मास्टरलाही ते मत फिरवता येत नाही. त्याच्या हातात एक गोष्ट असते, नव्या लॉजला सनद मिळवून देणं. जिथे अडवणूक करणारे सभासदच नाहीत असं लॉज उभं करणं, एवढा एकच मार्ग बर्न्सला मोकळा होता, आणि तो त्याने घेतला. शिवाय एकदा दीक्षा झाली की मेसन दुसऱ्या लॉजमध्ये पाहुणा म्हणून जाऊ शकतो. तेव्हा ओसरीवरून माजघरात जायची वाट तिथूनच निघत होती.

दीक्षेच्या वेळी शपथ धर्मग्रंथावर घेतात, आणि ती ज्याच्या त्याच्या ग्रंथावर. मास्टरसमोरच्या चौरंगावर बायबलशेजारी पारशांचा अवेस्ता आणि कुराण, पुढे गीता, अशी मांडणी हिंदुस्थानातल्या लॉजांत रुळली. आजही एकापेक्षा जास्त ग्रंथ उघडून ठेवलेले असतात.

हिंदूंचं मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्याबद्दल आक्षेप दोन: एकेश्वर मानतात का, आणि जात पाळणारा माणूस सर्वांशी बंधुभावाने कसा वागेल. प्रसन्नकुमार दत्त यांना कलकत्त्यात बरीच वर्षं झगडावं लागलं, तेव्हा १८७२ मध्ये त्यांची दीक्षा झाली. बर्न्स १८४९ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता आणि १८६२ मध्ये मँचेस्टरला वारला. अधिकार हातात असताना त्याने हिंदूंसाठीही खटपट करायला हवी होती, असं मलाही वाटतं. पण म्हणून १८४३ चं श्रेय मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.