टू-डू ॲपमध्ये फिल्टर लावला की नको ती कामे दिसतात आणि हवी ती गायब होतात

प्रश्न : यादीबहाद्दर

नमस्कार. कार्यालयाची आणि घरची सर्व कामे मी एकाच टू-डू ॲपमध्ये ठेवतो. यादी आता इतकी लांबली आहे की ती वरपासून खालपर्यंत वाचणे शक्य राहिलेले नाही, म्हणून फिल्टर आणि सर्च यांच्यावरच माझी सारी भिस्त आहे. सकाळी बसल्या बैठकीत फोन आणि ईमेल उरकून टाकावेत, या हेतूने मी पुढील फिल्टर तयार केला. (ॲपमधील मूळ शब्द वेगळे आहेत, येथे समजण्यापुरते मराठीत लिहितो.)

`@फोन | @ईमेल & मुदत आजपर्यंत`

यात @ म्हणजे कामाला लावलेले लेबल, उभा दांडा म्हणजे ‘किंवा’ आणि & म्हणजे ‘आणि’. प्रत्यक्षात ईमेलची कामे आजपर्यंतचीच दिसतात, पण फोनची मात्र पुढच्या महिन्यातलीसुद्धा सगळी येऊन बसतात. दुसरी अडचण अशी की ज्या कामांना मी मुदत घातलेली नाही, ती या फिल्टरमध्ये तर नाहीतच, पण ‘ज्यांची मुदत आजपर्यंत नाही’ अशा उलट्या फिल्टरमध्येही सापडत नाहीत. तिसरी अडचण सर्चची आहे. ‘अधिकारी’ असे शोधल्यास ‘अधिकाऱ्यांना पत्र पाठवणे’ हे काम येत नाही, आणि ‘अधिकाऱ्यांना’ असे पूर्ण लिहून शोधले तरी काही कामे येतात, काही येत नाहीत. ॲपमध्ये दोष आहे की माझ्या मांडणीत, हे कृपया सांगावे.

उत्तर : कंसातला

पहिल्या अडचणीचे उत्तर कंसात आहे. शाळेच्या गणितात बेरजेच्या आधी गुणाकार करतात, त्याचप्रमाणे बहुतेक फिल्टर-भाषांत ‘आणि’ हे ‘किंवा’च्या आधी सोडवले जाते. त्यामुळे आपल्या ओळीचा अर्थ ‘फोनची सगळी कामे, किंवा आजपर्यंत मुदत असलेली ईमेलची कामे’ असा झाला आणि ॲपने तेवढेच दाखवले. आपल्याला हवे आहे ते असे लिहावे लागेल :

`(@फोन | @ईमेल) & मुदत आजपर्यंत`

टोडोइस्ट या टू-डू ॲपमध्ये हीच चिन्हे आहेत, शिवाय ‘नाही’साठी उद्गारचिन्ह आणि एकाच फिल्टरमध्ये दोन स्वतंत्र याद्या एकाखाली एक हव्या असतील तर स्वल्पविराम चालतो. टास्कवॉरियर या टंकलेल्या आज्ञांवर (कमांड लाइनवर) चालणाऱ्या टू-डू प्रोग्रॅममध्ये दोन अटी नुसत्या शेजारी लिहिल्या तरी त्यांच्यात ‘आणि’ गृहीत धरले जाते. ‘किंवा’ मात्र शब्दाने लिहावे लागते, आणि कमांड लाइनवर कंस वापरायचे तर ते अवतरणात घालावे लागतात, नाहीतर शेल, म्हणजे त्या आज्ञा आधी वाचणारा प्रोग्रॅम, ते स्वतःच गिळून टाकतो. कोणतेही ॲप असो, ‘आणि’ व ‘किंवा’ एका ओळीत आले की कंस घालावेत. नियम तोंडपाठ असला तरी महिन्याभराने ती ओळ पुन्हा वाचताना कंसच उपयोगी पडतात.

वगळण्याच्या फिल्टरमध्ये याहून जास्त गोंधळ होतो. ‘वाट पाहणे’ आणि ‘कधीतरी’ ही दोन लेबले वगळायची असतील, तर `!@वाट_पाहणे | !@कधीतरी` असे लिहिल्यास जवळजवळ सगळी यादी जशीच्या तशी समोर येते, कारण ज्या कामावर फक्त ‘वाट पाहणे’ आहे त्यावर ‘कधीतरी’ नसते आणि दुसरी अट पूर्ण होते. वगळले जाईल ते फक्त दोन्ही लेबले असलेले काम. दोन्ही वगळायची तर मध्ये ‘आणि’ हवे, किंवा `!(@वाट_पाहणे | @कधीतरी)` अशी कंसाबाहेर नकार देणारी मांडणी हवी. आपण बोलताना ‘हे किंवा ते नको’ म्हणतो, त्या सवयीमुळे हात आपोआप ‘किंवा’कडे जातो.

उत्तर : रिकामा रकाना

दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

मुदत नसणे म्हणजे मुदत शून्य असणे नव्हे. डेटाबेसच्या भाषेत तो रकाना ‘नल’ म्हणजे रिकामा असतो आणि नलची कोणत्याही तारखेशी तुलना केली की उत्तर ‘होय’ही नसते आणि ‘नाही’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेत निवड करताना ज्यांचे उत्तर ‘होय’ तेवढ्याच ओळी पुढे जातात. शिवाय अज्ञाताला नकार दिला तरी ते अज्ञातच राहते, म्हणून आपले बिनमुदतीचे काम सरळ फिल्टरमध्येही येत नाही आणि उलट्यामध्येही येत नाही. सगळी ॲप अशीच वागतात असे नाही. काही ॲप उलट्या फिल्टरमध्ये बिनमुदतीची कामे घेतात. आपल्या ॲपचा स्वभाव तपासण्यासाठी एक मुदतीचे आणि एक बिनमुदतीचे अशी दोन खोटी कामे तयार करून दोन्ही फिल्टर लावून पाहावेत. उपाय सोपा आहे : `मुदत नाही` ही अट ॲपमध्ये वेगळी असते, ती ‘किंवा’ने जोडावी.

प्राधान्याच्या रकान्यातही हाच प्रकार घडतो. कॅलेंडर आणि कामांच्या देवाणघेवाणीसाठी आयकॅलेंडर नावाचे मानक आहे (2009 चे आरएफसी 5545). त्यात प्राधान्य 0 ते 9 असते. 1 सर्वांत वरचे, 9 सर्वांत खालचे आणि 0 म्हणजे ‘ठरवलेले नाही’. एखाद्या ॲपने हे ध्यानात न घेता आकड्यांची नुसती चढत्या क्रमाने मांडणी केली, तर ज्यांचे प्राधान्य कुणी ठरवलेच नाही अशी कामे तातडीच्या कामांच्या डोक्यावर जाऊन बसतात.

‘आज’ या अटीत थकीत कामे येतातच असेही नाही. टोडोइस्टमध्ये ‘आज’ आणि ‘थकीत’ या वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही ‘किंवा’ने जोडाव्या लागतात. आपण ‘आजपर्यंत’ अशी अट घेतली आहे, त्यामुळे आपल्याला हा त्रास होणार नाही.

उत्तर : शिस्तप्रिय

इतकी खटपट करण्यापेक्षा प्रत्येक कामाला मुदत घालावी, म्हणजे रिकामा रकाना उरणारच नाही, असे मला वाटते. मी तसेच करतो.

उत्तर : रिकामा रकाना

या सल्ल्याशी मी नम्रपणे असहमत आहे. ज्या कामाला खरी मुदत नाही त्याला ओढूनताणून तारीख चिकटवली, की ती तारीख उलटते, काम ‘थकीत’मध्ये जाते आणि थोड्याच दिवसांत ‘थकीत’ची यादी इतकी फुगते की माणूस तिच्याकडे पाहणेच सोडून देतो. मग खरोखर थकलेले वीजबिलही त्याच गर्दीत हरवते. ‘या तारखेच्या आत व्हायलाच हवे’ आणि ‘या तारखेपासून हाती घ्यायचे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयकॅलेंडरमध्ये आरंभ आणि मुदत यांचे रकाने स्वतंत्र आहेत. टास्कवॉरियरमध्ये तर ‘अमुक दिवसापर्यंत हे काम नजरेआड ठेव’ असे सांगण्याचीही सोय आहे. ज्या ॲपमध्ये एकच तारीख मिळते तिथे ती मुदतीसाठीच राखावी आणि बाकीच्या कामांसाठी ‘मुदत नाही’ हा वेगळा फिल्टर करून आठवड्यातून एकदा नजरेखालून घालावा.

उत्तर : अक्षरशोधक

सर्चबद्दल. बहुतेक ॲप अक्षरांची जुळणी करतात, व्याकरण जाणत नाहीत. ‘अर्ज’ शोधल्यास ‘अर्जाची प्रत’ मिळते, कारण ‘अर्ज’ ही अक्षरे त्यात जशीच्या तशी आहेत; ‘परवाना’ शोधल्यास ‘परवान्याचे नूतनीकरण’ मिळत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचा शेवट बदलला. म्हणून मराठीत शोधताना न बदलणारा भागच टंकावा : ‘परवान’, ‘अधिका’. जी ॲप शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळवतात त्यांनाही हे चालते. फक्त पूर्ण शब्दच जुळवणाऱ्या ॲपमध्ये मात्र हा उपाय निरुपयोगी आहे. तिथे लेबल लावण्यावाचून गत्यंतर नाही.

‘अधिकाऱ्यांना’ असे पूर्ण लिहूनही काही कामे सुटतात, याचे कारण बहुधा ‘ऱ्या’मध्ये आहे. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, दोन प्रकारे टंकले जाते : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि दुसरे साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरमाला असते. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) या दोघांना एक करत नाही. फोनचा कीबोर्ड एका पद्धतीचा आणि संगणकाचा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर निम्मी कामे एका रूपात आणि निम्मी दुसऱ्या रूपात साठत जातात. आकड्यांचेही तेच : ‘२०२५’ लिहिलेले काम ‘2025’ शोधून मिळेलच याचा भरवसा नाही.

यादीबहाद्दर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंस घातल्यावर फिल्टर बरोबर चालला आणि ‘अधिका’ शोधल्यावर दोन्ही उपकरणांवरून लिहिलेली कामे दिसली. एक शंका उरते : मोठ्या कामाला ‘फोन’ लेबल असूनही त्याची उपकामे फिल्टरमध्ये येत नाहीत. तेही रिकाम्या रकान्यामुळेच का?

उत्तर : कंसातला

होय, तसेच म्हणावे लागेल. अनेक ॲपमध्ये मुख्य कामाचे लेबल उपकामाला आपोआप लागत नाही. प्रत्येक उपकामाचे रकाने त्याचे स्वतःचे असतात. एका परीने ते योग्यही आहे, कारण ‘विमा नूतनीकरण’ या कामात एक फोन, एक ईमेल आणि एक कागद शोधणे अशी तीन निराळी कामे असू शकतात. त्यामुळे लेबल मुख्य कामावरून काढून ज्या उपकामात खरोखर फोन करायचा आहे त्यालाच लावावे, आणि ‘विम्याला फोन’ असे न लिहिता ‘विमा नूतनीकरणाच्या हप्त्याबद्दल फोन’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे फिल्टरमध्ये ते मुख्य कामाविना एकटे दिसले तरी कशाबद्दल आहे हे कळेल आणि ‘विमा’ असे शोधल्यावरही सापडेल.