खान्देशातल्या कारखानदारी गावांतली उद्यानं : झाड तिसरा मे कसं काढतं?

मेहरूणचं बोर

एमआयडीसीतला रस्त्याकडेचा पट्टा, कॉलनीची ओपन स्पेस, पालिकेचं उद्यान, कारखान्याच्या आवारातला हरितपट्टा. यांपैकी कशावरही हाताने काम केलेल्यांनी इथे आपापल्या टोपणनावाने लिहावं. "आम्ही इतकी झाडं लावली" हे नको. खड्डा किती, पाणी किती, काय बिघडतं आणि कशामुळे, एवढंच सांगा.

जुलैत लावलेलं रोप दिवाळीपर्यंत जळगाव, भुसावळ, धुळे सगळीकडेच हिरवं असतं. पारा 45 च्या पुढे सरकला की खरं काय ते कळतं. पहिला मे टँकरवर निघतो, लावणाऱ्यांचा उत्साह शिल्लक असतो. दुसऱ्या मेला टँकरचं बिल कोणी द्यायचं यावर गाडं अडतं. तिसरा मे निघाला तर झाड आपलं. म्हणून 5 जूनच्या, पर्यावरण दिनाच्या फोटोतली रोपं मोजू नका, तिसऱ्या वर्षी 1 जूनला जिवंत किती ते मोजा. सुरुवात खड्ड्यापासून करू.

काळी माती

तापी-गिरणेकडची काळी जमीन आणि एमआयडीसीतला मुरूम-डबर, दोन्हींना एकच खड्डा चालत नाही. कंत्राटात मात्र एकच माप लिहिलेलं असतं. तिथेच निम्मी झाडं जातात.

मुरमात 3×3×3 फूट. म्हणजे 27 घनफूट, पाऊण घनमीटर, साधारण 45 ते 50 घमेली भरण. दोन भाग पोयटा किंवा तलावाचा गाळ, एक भाग कुजलेलं शेणखत, वर किलोभर निंबोळी पेंड. निघालेला मुरूम परत खड्ड्यात लोटू नका, त्याचा आळ्याला बांध करा. शेणखत मुठीत घेऊन हुंगा. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, त्यावर उधई (वाळवी) येणार आणि उधईला आधी कोवळी मुळी सापडणार.

काळ्या जमिनीत 2×2×2 पुरे. घात वेगळाच होतो. ओल असताना यंत्राच्या गिरमिटाने खड्डा मारला की भिंत सारवल्यासारखी गुळगुळीत होते आणि पावसाळ्यात खड्ड्याचा हौद बनतो. मुळं सडतात, पानं पिवळी पडतात. पिवळी पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्ये, कोरड्यात घ्या. पंधरा-वीस दिवस उन्हात उघडे ठेवा. भिंती कुदळीने खरवडा. मग खड्डा पाण्याने भरून बघा. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर तळ पहारीने आणखी फूटभर फोडा. तळाला विटांचे तुकडे टाकून काही होत नाही, पाण्याला बाहेर पडायला वाट कुठे असते? रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंचवट्यावर लावा.

पिशवी! दरवर्षी सांगावं लागतं. दोन्ही बाजूंनी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. तळाशी मुळ्यांचं वेटोळं असेल तर इंचभर छाटा. वेटोळं तसंच राहिलं तर झाड दोन वर्षं छान वाढतं आणि मृगाच्या आधीच्या वादळात मुळासकट आडवं होतं.

ठिबकवाला

जळगावसारख्या ठिबकच्या जिल्ह्यात रस्त्याकडेच्या झाडांना बादलीने पाणी घालतात, याला काय म्हणावं भो!

हिशोब असा. एक ते दोन वर्षांच्या झाडाला मेमध्ये एका वेळी 30 ते 35 लिटर. काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांआड, मुरमात दोन दिवसांआड. रोज तांब्याभर घातलं तर मुळी वरच्या चार इंचांतच खेळते, आणि मेमध्ये नेमका तोच थर तव्यासारखा तापतो.

काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, मुरमात सरळ खाली जातं. म्हणून काळ्यात ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, चार तास. मुरमात तसेच चार ड्रिपर, दोन तास. पाणी दोन्हीकडे 32 लिटरच, मांडणी तेवढी वेगळी. ड्रिपर खोडाला चिकटवू नका, बुंधा सतत ओला राहिला की कुजतो. पहिल्या वर्षी खोडापासून फूटभर, दुसऱ्या वर्षी झाडाच्या सावलीच्या कडेला न्या. हा दुसऱ्या वर्षीचा सरकवण्याचा खेळ कोणी करत नाही. मग झाड दहा फूट आणि मुळं अजून पिशवीएवढ्या जागेत.

बिघाड तीन.
बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. ड्रिपर दिसायला ओला असतो, पण ग्लास लावून मोजलं तर ताशी लिटरभरसुद्धा पडत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा ग्लास आणि घड्याळ घेऊन दहा ड्रिपर तपासा. लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळीची) शेवटची टोपणं पंधरा दिवसांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. आम्लाने नळ्या धुणार असाल तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही.
दुसरा बिघाड खार. तहानलेली खार नळी कुरतडते. 16 मिमीची लॅटरल चार इंच मातीखाली घाला, नुसता ड्रिपर वर ठेवा.
तिसरा चोरी. त्यालाही मातीखाली हेच उत्तर.

टँकरवरच असाल तर 5000 लिटरचा टँकर 40 लिटरने 125 झाडांना पुरतो. त्याच टँकरवर 300 झाडं "भिजवली" असं कोणी म्हणालं तर प्रत्येक झाडाला सोळा लिटर मिळालं. त्यातलंही अर्धं रस्त्यावर, कारण आळं भरून सपाट झालेलं असतं.

राखेचा रहिवासी

औष्णिक केंद्राच्या आसपास काम करणाऱ्यांसाठी. राखेत नत्र जवळपास नसतं, ती अल्कधर्मी असते आणि कोरडी झाली की वाऱ्यावर उठते. सरळ राखेत रोप लावून शेणखताची मूठ टाकली तर ते जगत नाही. आधी वर किमान फूटभर माती, मग गवत किंवा धैंचा-बोरूसारखं द्विदल. राख जागेवर थांबली की मग करंज, शिसू, शिरीष. ही तिन्ही शेंगवर्गीय, मुळांवरच्या गाठींमधून नत्र धरतात.

पानावर राख बसली की रंध्रं बुजतात. पावसाळ्यानंतर नोव्हेंबर ते मे या काळात पंधरवड्यातून एकदा साध्या पाण्याचा फवारा, पहाटे. भर दुपारी फवारलं आणि पाणी जड असलं तर पानावर क्षाराचे डाग पडून कडा करपतात.

मोठ्या उद्योगांच्या जुन्या पर्यावरण मंजुरींत साधारणपणे 33 टक्के जागा हरितपट्ट्याला आणि हेक्टरी 2500 झाडं, अशी अट असते. म्हणजे एका झाडाला 4 चौरस मीटर, 2×2 मीटर अंतर. हे अंतर धूळ अडवायच्या पट्ट्याचं आहे. हेच माप उचलून उद्यानात वड-पिंपळ लावले तर पंधरा वर्षांनी करवत आलीच. वडाला 10-12 मीटर सोडा.

पट्ट्याच्या ओळी एकाआड एक, तिरक्या. वाऱ्याच्या तोंडाला झुडपं, मागे मध्यम, सगळ्यात मागे उंच. भिंतीसारखा गच्च पट्टा उपयोगाचा नाही. वारा त्यावरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून धूळ तिथेच टाकतो. थोडा वारा झिरपू द्यायचा, म्हणजे वेग मरतो आणि धूळ पानांवर बसते.

आणि आग. हरितपट्टा पाण्यावाचून मरतो त्याहून जास्त बिडीने मरतो. फेब्रुवारी संपायच्या आत रस्त्याकडून दहा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा करा.

पांझराकाठ

कोणतं झाड, हा प्रश्न नंतरचा. आमच्याकडे रोप मागायला गेलं की जुना माळी आधी विचारतो, "पानी शे का?" म्हणजे पाणी आहे का?

पाणी खात्रीचं नसेल तर कडुनिंब, करंज, शिरीष, चिंच, बोर, हिवर, बहावा. जळगावकरांनी मेहरूणच्या बोरांचं नाव ऐकलंय, पण नव्या बागेत बोर कोणी लावत नाही, काटे म्हणे. पायवाटेपासून पंधरा फूट आत लावा ना.

अंजन मुद्दाम वेगळा काढतो. यावलच्या जंगलात, सातपुड्याच्या उतारावर जो उभा आहे, तो शहरात का दिसत नाही? कारण पहिली काही वर्षं त्याचं सगळं काम जमिनीखाली चालतं, वर वीतभर काडी. सोटमूळ पिशवीत वळलं किंवा तुटलं की तो रुसतो. म्हणून रोप नको, बी थेट जागेवर टोका. शेंग चपटी, पंखासारखी, तिच्या टोकाला एकच बी. एका जागी तीन-चार टोकून पुढे सशक्त एक ठेवायचं. बिल काढणाऱ्याला हे झाड परवडत नाही, कारण तीन वर्षं फोटोत काही येत नाही. पण एकदा सोटमूळ खाली गेलं की टँकर बंद.

कडुनिंबाचं बी पिकून पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत पेरा, त्यानंतर उगवण झपाट्याने घसरते. कपाटात वर्षभर ठेवलेली निंबोळी फक्त पेंडीच्या कामाची.

कोनोकार्पस नको. सहा महिन्यांत भिंत हिरवी करतो हे खरं, पण मुळं जलवाहिनी आणि गटारात शिरतात. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. इथल्या रोपवाटिकांत तो दिसला तर हात आवरा. गुलमोहर रस्त्याकडेला नको, वादळात फांदी मोडते. सप्तपर्णीची एखाद-दुसरी चालते, ओळ लावली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलांच्या उग्र वासाने खिडक्या बंद. शेळ्यांचा त्रास असेल तिथे कण्हेर, तिला तोंड लावत नाहीत. पण ती विषारी आहे, खेळायच्या जागेजवळ अजिबात नको.

पाणी देण्याची जबाबदारी "सगळ्यांची" ठेवली तर कोणाचीच राहत नाही. पांझरा नदीवरच्या फड या जुन्या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाणी फिरवायला पाटकरी नेमलेला असे, राखणीला जागल्या. बागेलाही एक पाटकरी ठरवा, वारानुसार ओळी वाटून द्या.

करवतवाला

दोनच मुद्दे.

फांदी तीन कापांत काढा. पहिला काप खोडापासून फूटभर बाहेर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या दोन इंच पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. तिसरा खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. खालचा काप न देता वरूनच कापलं की फांदी पडताना खोडाची साल कोपरभर सोलत नेते. फुगीर कडं कापलं तर जखम भरत नाही. जखमेला बोर्डो पेस्ट लावायची असेल तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको.

पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवू नका. निदान मीटरभर चौकोन उघडा हवा, मोठ्या झाडाला दुप्पट. लोखंडी ट्री गार्ड चौथ्या वर्षी काढा, नाहीतर सळई खोडात रुतते आणि झाड तिला गिळतं. त्यानंतर ती निघत नाही.

तोडीचं म्हणाल तर 1975 चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा शहरांना लागू आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं. तसं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात.

रात्रीचा बाक

झाडांवर सगळे बोलले, बसणाऱ्यांवर कोणीच नाही. खान्देशात उन्हाळ्यात बाग वापरली जाते पहाटे साडेपाच ते आठ आणि रात्री आठनंतर. म्हणजे दिव्यांची सोय झाडांइतकीच महत्त्वाची. दिवे पायवाटेवर रोखा, झाडांच्या शेंड्यांवर नको.

ग्रॅनाइटचा आणि सिमेंटचा बाक दिवसभर तापून रात्री नऊपर्यंत चटका देतो. लाकडी पट्ट्यांचा बाक तासाभरात निवतो. तेच घसरगुंडीचं. पत्र्याची घसरगुंडी दक्षिण-पश्चिमेला तोंड करून ठेवली तर संध्याकाळी सहालाही पोरांच्या मांड्या भाजतात. उतार उत्तरेकडे करा, शिवाय पश्चिमेला करंज. करंजाची पानगळ थोडक्यात आटोपते आणि मेमध्ये तो हिरवागार असतो. पानांवर गाठी आणि डाग दिसतील, त्याने झाड मरत नाही, फवारणी करत बसू नका.

हिरवळीचा सोस कमी करा. मेमध्ये दिवसाला 5 मिमी पाणी धरलं तरी दर चौरस मीटरला 5 लिटर. हजार चौरस मीटरला रोज एक टँकर. त्या टँकरवर 125 झाडं निघतात, वर ठिबकवाल्याने मोजलीच आहेत. बसायला 100 चौरस मीटर हरळी ठेवा. ती वाळली तरी पावसात परत फुटते, कार्पेट गवत फुटत नाही.

मियावाकी (छोट्या जागेत दाट जंगल) करणाऱ्यांना: चौरस मीटरला तीन रोपं, म्हणजे हजार चौरस फुटांत साधारण 280. दोन-तीन वर्षं पाणी द्यावंच लागतं, आणि आत माणूस शिरत नाही. कुंपणाच्या कडेला उत्तम. बागेच्या मधोमध केलं तर लोकांची बसायची जागा गेली.

मेहरूणचं बोर

आच्छादनाचं कोणीच लिहिलं नाही. आणि काळ्या जमिनीच्या भेगांचं काय करायचं?

काळी माती

भेग पडायच्या आधी, होळीच्या सुमारास, आळं खुरपून चार इंच आच्छादन. रावेर-यावलच्या बाजूला केळीची वाळकी पानं आणि खोडाचे तुकडे फुकट मिळतात. ओलं खोड आधी आठवडाभर वाळवा, नाहीतर कुजून घाण वास मारतं. बाकीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करून, पण गुलाबी बोंडअळीच्या कैऱ्या (न फुटलेली बोंडं) लटकलेल्या असतील तर नको. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा.

भेग पडलीच तर पाणी द्यायच्या आधी तिच्यात भुसभुशीत माती कोंबून वर खुरपं फिरवा. तसंच पाणी सोडलं तर ते भेगेतून थेट खाली पळतं आणि मुळाला ओल लागत नाही. भेग बोटभर रुंद झाली की बारीक मुळ्या तुटलेल्या असतात. मग त्या झाडाला आठवडाभर पाणी थोडं थोडं द्या.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायच्या त्या पुढच्या जुलैतच. मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात दुसरं लावायच्या आधी माती उकरून बघा. उधई असेल तर सगळी माती बदला, पाणी साचत असेल तर तळ फोडा, आणि पिशवी निघाली तर ज्याने लावलं त्याला दाखवा.